मानाची लाटी

एका गावात एक बाई होती आणि तिच्या हातात एक लाटणं होतं. बाईचं नाव चंद्रा. गावातल्या सगळ्या बायका तिला चंद्राक्का म्हणायच्या. लाटणं साधंच होतं, शिसवी लाकडाचं, पण चंद्राक्काच्या हातात आलं की थांबायचं नाव घेत नसे.

त्या गावात उन्हाळा लागला की पापड सुरू व्हायचे. आज एकीच्या घरचे, उद्या दुसरीच्या. बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या आणि गप्पा मारत दिवसभर लाटायच्या. दिवस कलला की घरची बाई प्रत्येकीच्या सुपातले पापड मोजायची. जिचे सगळ्यात जास्त, तिला उडदाच्या पिठाची मोठी लाटी तेलात बुडवून द्यायची. हिला मानाची लाटी म्हणत.

बारा वर्षं झाली, मानाची लाटी एकट्या चंद्राक्काची. दुसऱ्या कुणाला तिचा वाससुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईनं किती लाट्या खाल्ल्या असतील! अहो, एकसुद्धा नाही. काम करता करता बाकीच्या बायका साध्या लाट्या तोंडात टाकायच्या, पण चंद्राक्का म्हणायची, "हात तेलकट होतो, वेळ जातो." आणि मानाची लाटी ती पळसाच्या पानात गुंडाळून घरी न्यायची. घरी तिची म्हातारी सासू. तिचे डोळे गेलेले, दात पडलेले.

"आत्याबाई, आजही मीच बरं का!" चंद्राक्का सांगायची.

"शाब्बास गं माझी बाय," असं म्हणून म्हातारी लाटी हिरड्यांनी चघळत बसायची.

चंद्राक्काचं मन तोवर उद्याच्या घरी पोचलेलं असायचं. आज दोनशे दहा झाले, उद्या दोनशे पाच झाले तर? मग मला कोण विचारील? या विचारानं तिला घास गोड लागत नसे.

अशात शेजारच्या घरात ठकू नावाची बाई नवऱ्याबरोबर राहायला आली. ठकूचा हात अगदी सावकाश. दिवसाकाठी पंचवीस पापड झाले तरी खूप. एक पापड लांबट, तर दुसऱ्याला कोपरे. पण ती दारात दिसली की बायका सरकून जागा करायच्या. "ठकू, इकडे ये गं! माझ्याजवळ बस!"

चंद्राक्काजवळ कुणी बसत नसे. तिचं कोपर लागायचं, आणि दर घटकेला ती शेजारणीला विचारायची, "किती झाले तुझे?"

चंद्राक्काच्या पोटात दुखायला लागलं. काय आहे काय हिच्यात? रूप नाही, हाताला उरक नाही. दोनशे पापड मी लाटायचे आणि हाका हिला? ठकू हसली की चंद्राक्काच्या कपाळाला आठी. ठकूनं कुणाचं रडकं पोर मांडीवर घेतलं की ही मनात म्हणायची, "घे, घे, कामचुकार कुठली!" लाटताना एक डोळा आपल्या सुपावर आणि एक ठकूवर. बिचारीला दिवसभर चैन म्हणून नसे.

एक दिवस पापड ठकूच्या घरी होते. चंद्राक्कानं ठरवलं, हिच्याच घरी हिची जिरवायची. सकाळपासून तिनं मान वर केली नाही. दुपारी मात्र ठकूच्या सुपातला एक पापड उचलून तिनं सगळ्यांना दाखवला.

"बायांनो, हा पापड आहे की पायताणाचा तळ?"

ठकू खळखळून हसली. "अगं आक्का, तळल्यावर कुणाचा गोल राहतो?"

सगळ्या हसल्या. कुणाच्या मनात काही नव्हतं हो, पण चंद्राक्काला वाटलं, हसताहेत त्या मलाच. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती दात-ओठ खात लाटायला लागली. पीठ घट्ट होतं, तिनं सगळा भार हातावर टाकला आणि मनगट कट्कन वाजलं.

हाडवैद्यानं पट्टी बांधली. "महिनाभर लाटण्याला हात लावायचा नाही," त्यानं बजावलं.

महिनाभर! म्हणजे हंगामच गेला की. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं, तर चंद्राक्कानं आतूनच सांगितलं, "मी आता काय कामाची? नाही येत." मग दाराआड बसून ती पलीकडच्या घरातल्या लाटण्यांचे आवाज ऐकत राहिली. आज मानाची लाटी कुणाला मिळेल? ठकूला? छे, तिला कशी मिळेल! पण माझ्या जागेवर तीच बसली असेल. जळून जळून तिचा जीव अर्धा झाला. चार दिवस ती घराबाहेर पडली नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ठकूच दारात उभी. हातात पळसाचं पान.

"मिळाली वाटतं मानाची लाटी!" चंद्राक्का फणकारली. "मला दाखवायला आलीस?"

"मला कुठली? माझे आज सव्वीस झाले. ही साधीच आहे, तुझ्यासाठी आणली."

"मी एक पापड लाटला नाही. मला कशाला?"

ठकू खाली बसली. "आक्का, रागावू नकोस, एक विचारते. तुझ्या सासूबाई किती पापड लाटतात गं?"

"वेड लागलंय का तुला? त्यांना दिसत नाही, हात थरथरतात. त्या काय लाटणार?"

"मग रोजची मानाची लाटी त्यांना का देतेस?"

"का म्हणजे? त्या माझ्या आहेत म्हणून!" चंद्राक्का ताडकन बोलून गेली. आणि आपलेच शब्द ऐकून ती सासूकडे वळून बघायला लागली.

कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "बारा वर्षं मी एक पापड लाटला नाही, आणि गावातली सगळ्यात मोठी लाटी रोज खाते. माझं काही अडलं नाही बाई!"

ठकू हसली. मग हळूच म्हणाली, "आक्का, तू आम्हाला किती झाले ते विचारतेस. कशी आहेस, असं कधी विचारत नाहीस. ये की उद्या. नुसती बसायला ये."

चंद्राक्काला रडूच फुटलं. "ठकू, मी तुझ्यावर फार जळत होते गं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," ठकू म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी चंद्राक्का रिकाम्या हातानं गेली. उंबऱ्याशी तिचे पाय अडले. लाटणं नाही, काही नाही, मी बसू कुठे? तेवढ्यात आत लाटत बसलेल्या बायकांतली शेवंता म्हणाली, "आक्का, तिथे काय उभी राहिलीस? ये, माझ्याजवळ बस!" आणि सरकून तिनं जागा केली.

दिवसभर चंद्राक्का ऐकत बसली. शेवंताच्या लेकीचं लग्न ठरलंय, हे तिला तेव्हा कळलं. साऱ्या गावाला ते महिन्यापूर्वीच ठाऊक होतं. संध्याकाळी मानाची लाटी शेवंताला मिळाली, तेव्हा चंद्राक्काच्या पोटात एक कळ आली. आली हो, खोटं कशाला सांगू! पण ठकूनं एक साधी लाटी तेलात बुडवून तिच्या हातावर ठेवली आणि चंद्राक्कानं ती तोंडात टाकली. तिखट, खारट, हिंगाचा वास.

"अगं बाई," ती म्हणाली, "इतकी चांगली लागते होय!"

पुढच्या उन्हाळ्यात मनगट बरं झालं होतं. चंद्राक्काचं लाटणं पहिल्यासारखंच भरभर चाललं, पण अध्येमध्ये थांबायलाही लागलं. कधी तिचे पापड जास्त भरायचे, कधी दुसरीचे. आणि मोजणी सुरू झाली की चंद्राक्का कुणाचं तरी रडकं पोर घेऊन अंगणात गेलेली असायची.

तात्पर्य काय, तर ज्यांना तुम्ही हवे आहात, ते तुमच्या सुपातले पापड मोजत नाहीत. तुम्हीही मोजत बसू नका.