कोठीच्या दाराशी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे तणतणत आला. शिष्याचं नाव सुदर्शन. तालुक्याच्या गावी राहणारा, चोवीस वर्षांचा, बुद्धीने तल्लख आणि त्याच मापाने उतावळा. गुरुजी आयुष्यभर संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा स्वर कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि त्याचाच विद्यार्थ्यांना जास्त धाक वाटे.

सुदर्शनने एक ॲप तयार केलं होतं. गावात कुणाला साप चावला की आशाताईंनी फोनवर एक बटण दाबायचं, आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे ते ॲपने सांगायचं. आता फोन पडले दोन घराण्यांचे, आणि दोन्ही घराण्यांची भाषा निराळी. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळं ॲप लिहावं लागे. हल्ली असं टूलकिट मिळतं, की कोड एकदाच लिहायचा आणि तो दोन्हीकडे चालतो. सुदर्शनने तसंच केलं आणि मोकळा झाला.

पहिल्याच महिन्यात घात झाला. सुगंधाताई नावाच्या आशाताईंच्या वाडीत सात वर्षांच्या एका मुलीला फुरसं चावलं. ताईंनी बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला, तो फिरतच राहिला. दहा मिनिटं वाट पाहून ताई मुलीला घेऊन जवळच्या दवाखान्यात धावल्या. तिथलं इंजेक्शन संपलेलं. दुसऱ्या दवाखान्यात मिळालं, मुलगी वाचली, पण तिची दोन बोटं काढावी लागली.

आरोग्य अधिकाऱ्यांनी सुदर्शनला स्पष्ट सांगितलं, "सोमवारच्या बैठकीत सगळ्या आशाताईंसमोर चालवून दाखवा. पुन्हा अडकलं, तर ॲप बंद."

"टूलकिटच भिकार आहे, गुरुजी," सुदर्शन म्हणाला. "एका घराण्याच्या फोनवर झक्क चालतं आणि दुसऱ्यावर रुसून बसतं. आता दोन्हींसाठी वेगवेगळं लिहून काढतो. चार दिवस आहेत."

गुरुजींनी त्याच्या लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "उद्या शेजारी साखरपुडा आहे. सकाळी सातला ये. वही आण."

"गुरुजी, माझ्या गळ्याशी आलंय आणि तुम्ही मला जेवायला काय बोलावताय!"

"जेवायला कोण बोलावतंय तुला? कोठीच्या दाराशी बसायचंय. कोण काय मागतं आणि काय उत्तर मिळतं, तेवढं लिहायचं."

दुसऱ्या दिवशी जना आचारी टेम्पो घेऊन अंगणात उतरला. पातेली त्याची, शेगड्या त्याच्या, झारे त्याचे, मसाल्याची पेटीही त्याचीच. घरच्यांनी फक्त मोकळं अंगण दिलं होतं. शिधा मात्र घरचा, आणि तो कोठीच्या खोलीत. किल्ली त्या घरच्या इंदुआत्यांच्या कमरेला.

जनाचा माणूस दाराशी येई. "आत्या, गूळ."

"कशाला?"

"आमटीला."

"किती?"

"अर्धा किलो."

मग आत्या आत जाऊन गूळ आणून देत. जनाच्या माणसांपैकी एकानेही कोठीत पाऊल ठेवलं नाही. सुदर्शन दात खात लिहीत होता. पलीकडे जना आमटीची चव घेई, पातेलं न उतरवता उकळत्या आमटीतच मीठ टाकी आणि पुन्हा चव बघे.

नऊच्या सुमाराला गुरुजी उठले, आत्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि परत येऊन बसले. थोड्या वेळाने जनाचा माणूस आला. "आत्या, तूप. शिऱ्याला, दोन किलो."

"नाही," आत्या म्हणाल्या.

त्यांच्या मागे तुपाचा भरलेला डबा सुदर्शनला स्वच्छ दिसत होता. तो ताडकन उठला. गुरुजींनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

निरोप जनाकडे गेला. त्याने मानसुद्धा वर केली नाही. "नाही? बरं. शिरा राहू दे. दूध उतरलंय, शेवया आपल्या पेटीत आहेत. खीर टाका." आणि अर्ध्या तासात खिरीचा वास अंगणभर झाला.

आता सुदर्शनला राहवेना. "तूप तुम्हीच अडवलंत ना, गुरुजी? त्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुझं टूलकिट म्हणजे हा जना. तू लिहिलेलं ते प्रत्येक फोनच्या भाषेत उतरवून देतं. बटणं, अक्षरं, रंग ते स्वतःच काढतं, फोनकडून फक्त मोकळा पडदा मागतं. म्हणून ॲप दोन्हीकडे सारखं दिसतं. पण माणूस कुठे उभा आहे, हे टूलकिटला ठाऊक नसतं. ती माहिती फोनच्या कोठीत असते. तिथे आत शिरायची सोय नाही. दाराशी निरोप द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. आणि बाबा रे, दोन घरच्या आत्या सारख्या नसतात. एक तोंडी मागितलं तरी घरच्यांना विचारते आणि काय ते उत्तर देते. दुसरीला कशासाठी हवं ते आधी लिहून द्यावं लागतं. नाही दिलं, तर ती नकारसुद्धा देत नाही, नुसती गप्प बसते. तू लिहून दिलं होतंस?"

सुदर्शनने लॅपटॉप उघडला. दुसऱ्या घराण्याच्या फोनसाठी कारण लिहायची जागा कोरी होती. टूलकिट बघून घेईल, असं त्याने धरून चाललं होतं.

"आणि नकार आला तर? किंवा उत्तरच आलं नाही तर काय करायचं, ते कुठे लिहिलंयस?"

दहा मिनिटं फिरणारा तो गोल सुदर्शनच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"जनाने शेवया घरूनच आणल्या होत्या," गुरुजी म्हणाले.

दुपारी तूप पानापानांवर वाढलं गेलं. जनाला सगळा प्रकार कळला तेव्हा तो हसला. "गुरुजी, पुढच्या खेपेला मला सांगून लपवा की!"

"तुला सांगितलं असतं, तर या पठ्ठ्याला काय दिसलं असतं?"

सोमवारी सुगंधाताई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांनी स्वतःचा, तोच फोन काढून बटण दाबलं. फोनने विचारलं, 'साप चावलेल्या माणसासाठी जवळचा दवाखाना शोधायला तुमचं ठिकाण हवं आहे. द्यायचं का?' ताईंनी सुदर्शनकडे रोखून पाहिलं आणि मुद्दाम 'नाही'वर बोट ठेवलं. खोलीत चुळबुळ झाली. अधिकारी पुढे सरसावले.

पडद्यावर लगेच अक्षरं आली, 'तुमची वाडी निवडा.' खाली तालुक्यातल्या सगळ्या वाड्यांची यादी होती. ती आता ॲपच्या पोटातच होती. ताईंनी आपली वाडी निवडली. दवाखान्याचं नाव आलं, शिल्लक इंजेक्शनांचा आकडा आला, डॉक्टरांचा नंबर आला.

ताईंनी फोन सुदर्शनपुढे धरला. "त्या दिवशी एवढं विचारलं असतं ना रे..."

"चूक माझी होती, ताई," सुदर्शन म्हणाला. "टूलकिटची नव्हे."

आपणही रोज कुणाच्या ना कुणाच्या दाराशी काही मागत असतो. तिथून नकार आला तर काय करायचं, हे मागणाऱ्याने घरून निघतानाच ठरवलेलं असावं.