पुसलेला राजदूत

"का पुसलंत त्याला?"

आल्विझे दारातूनच ओरडत आला. व्हेनिसमधल्या त्या चित्रशाळेत त्याचे गुरू, मास्तर झोर्झी, टर्पेंटाइनची चिंधी पिळत उभे होते.

भिंतीएवढ्या चित्रात परदेशी राजदूताचं स्वागत होतं. राजवाडा, धक्का, सोनेरी होड्या, लोटलेलं गाव. फक्त राजदूत नव्हता, आणि त्याच्या मागच्या दोन कमानी नव्हत्या. तिथे ओला डाग होता.

"महिनाभर खपलो त्या चेहऱ्यावर. आज दुपारी तो चित्र बघायला येणार. पसंत पडलं तर मला आपल्या राजाच्या पदरी नेणार होता. तुम्हाला ते बघवलं नाही, दुसरं काय?"

"उंची केवढी दिलीस त्याला?"

"उठून दिसायला नको?"

"कमानीला डोकं आपटेल एवढी? मग डोकं आपटू नये म्हणून कमानीच वर ओढल्यास. मी मोजून काढलेल्या कमानी..." आता मास्तरही तापले. "गाव काय त्याच्या मापानं शिवायचं?"

"चित्र त्याचं आहे. गावाचं नाही."

मास्तरांनी चिंधी फेकली. आल्विझेची मान धरून त्याला खिडकीशी ओढत नेलं. खाली तोच धक्का, पलीकडे तोच राजवाडा.

"त्या दिवशी इथूनच बघत होतास ना? तो होडीतून उतरला तेव्हा लोक कुठे बघत होते?"

"त्याच्याकडे."

"आणि तो?"

आल्विझेनं खाली धक्क्याकडे पाहिलं.

उतरल्यावर राजदूतानं पुढे व्हायचं होतं, मुजरे घ्यायचे होते. पण तो जागीच थांबला. मान वर करून राजवाड्याकडे बघत राहिला. हातातली टोपी खाली पडली तरी त्याला पत्ता नव्हता. शेवटी सामोरा आलेला सरदार खाकरला, तेव्हा कुठे गडी हलला.

आल्विझेला सगळं आठवलं. आठवलं म्हणूनच त्याचं डोकं आणखी फिरलं.

"पण इथून त्याचा चेहरा दिसतच नव्हता," तो दातओठ खात म्हणाला. "आता येईल आणि विचारेल, माझा चेहरा कुठाय? काय दाखवू मी त्याला?"



मास्तरांनी सगळ्यात बारीक कुंचला उचलून त्याच्या मुठीत कोंबला.

"चेहरा दाखवायचाय ना? मग मान वर, टोपी पायाशी, असा पाठमोरा काढ."