बिनचुलीचा सैनू

काडेपेटी या मुलखात अजून आली नव्हती आणि वाटेत वाघ आडवा आला तर माणूसच बाजूला होत असे, त्या काळातली ही गोष्ट. तुमडीच्या डोंगराखाली बोरकसा नावाचं गाव होतं. बावीस घरं, एक नाला आणि घरटी तीन-चार मोहाची झाडं. डोंगर पालथ्या भोपळ्यासारखा गोल होता. त्यावर इतकं दाट रान होतं की त्याच्या अंगचा खडक कोणी पाहिलेला नव्हता.

बोरकशात विस्तव कोणी पेटवत नसे, सांभाळत असे. जेवणं झाली की निखारे राखेत झाकायचे आणि सकाळी फुंकर घालून जागे करायचे. एखाद्या घरचा विझलाच, तर शेजारणीकडून खापरीत दोन निखारे मागून आणायचे. गाव वसवायला आलेल्या पहिल्या माणसांनी जो विस्तव आणला, तोच बावीस चुलींत जळतो आहे, असं म्हणतात. तो एकदाही विझला नव्हता.

या गावात सैनू नावाचा तरुण होता. हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. सुकलीशी त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

फाल्गुनात मोह फुलतो. फुलं पहाटेपासून टपटप गळतात आणि वाळल्या पाचोळ्यात हरवतात. म्हणून गावचे लोक आधी झाडाखालचा पाचोळा जाळायचे. जमीन काळी झाली की पिवळट फुलं दुरून दिसतात, वेचायला सोपी जातात. आजोबांनी असंच केलं, बापाने असंच केलं, सैनूनेही असंच केलं. त्या सकाळी गावात सगळ्यांनीच आपापल्या मोहाखाली जाळ लावला होता. सगळ्यांचा विझला. सैनूच्या जाळाला तेवढा वारा मिळाला.

तीन दिवस डोंगर जळत होता. चौथ्या दिवशी धूर सरला, तेव्हा लोकांना तुमडीचा खडक पहिल्यांदा दिसला. काळा, उघडा, एखाद्या म्हाताऱ्याच्या टकलासारखा. त्या वर्षी मोह नाही, चारोळी नाही, टेंभरं नाहीत. नाला चैत्रातच आटला. हरणं निघून गेली आणि गावावर उपासमार आली.

दसरू गायता गावाचे मानकरी होते. त्यांनी चावडीत सगळ्यांना बसवलं आणि निवाडा दिला. चावडीतून तुमडीचा खडक दिसतो तोवर सैनूला कोणी विस्तव द्यायचा नाही. त्याच्या घरात चूल पेटायची नाही.

सैनूने मान खाली घालून ऐकलं. घरी जाऊन त्याने आपल्या हाताने चुलीवर पाणी ओतलं. मग सुकलीला म्हणाला, तुझ्या बापाचं घर गावातच आहे, तिकडे जा, तिथे गरम तरी खाशील. सुकली गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराशी पानाच्या द्रोणात भिजवलेले मूग होते. त्यानंतर रोज असायचे.

तेव्हापासून त्याला सगळे बिनचुलीचा सैनू म्हणू लागले.

मुगावर, बोरांवर, वाळल्या मोहफुलांवर तो जगला. थंडीच्या दिवसांत गाव शेकोटीभोवती बसे आणि तो आपल्या बैलांच्या पाठीला पाठ लावून बसे. दिवसभर मात्र डोंगरावर. त्याने पाहिलं की जळालेली खोडं मेलेली नाहीत. पावसानंतर एकेका बुंध्यातून वीस-वीस फुटवे निघतात, एकमेकांचा घास ओढतात आणि सगळेच खुरटतात. तो एकेका बुंध्याशी बसून दोन जोमाचे फुटवे ठेवी आणि बाकीचे खुडून टाकी. उतारावर दगड रचून त्याने माती अडवली. पण जिथे बुंधेच राहिले नव्हते, त्या माथ्याचं काय करावं हे त्याला कळेना.

ते काम त्याच्या हातून झालं नाही. ते दुसऱ्यांनीच केलं, असं म्हणतात.

झालं असं, की वर्षभरात सैनूच्या अंगाचा धुराचा वास गेला. चूल असलेल्या माणसाच्या केसांत, कपड्यांत, कातडीत धूर मुरलेला असतो. तो आपल्याला कळत नाही, पण जनावराला अर्ध्या कोसावरून कळतो. सैनूला तो वास उरला नाही. त्याला पानांचा आणि मातीचा वास यायचा. मग हरियाल पक्षी त्याच्या खांद्याशेजारच्या दगडावर येऊन बसू लागले. अस्वल टेंभरं खाऊन त्याच्यासमोरून डुलत जाई. मधमाश्यांना धूर न देता तो पोळ्यात हात घाली आणि एक माशी चावत नसे. एकदा वाघीण त्याच्या बाजूला डबक्यावर पाणी प्यायली आणि तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो माथ्यावर जिथे बसे तिथे पाखरं येत, आणि पाखरांच्या विष्ठेतून, अस्वलाच्या विष्ठेतून बिया पडत. त्याने फक्त त्यांच्यावर माती सारली. ज्या खडकावर तो जास्त बसला, त्या खडकाच्या फटीत जास्त रोपं आली. आजही माथ्यावरचं रान सरळ रांगेत नाही, माणूस बसेल तसं पुंजक्यापुंजक्यांनी आहे.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. स्वतःचा धूर नसल्यामुळे त्याला दुसऱ्याचा धूर कळू लागला. डोंगरावर गुराख्यांनी विचारलं तर तो सांगे की आज गायत्यांकडे अंबाडीची भाजी आहे, आणि बारसूच्या बायकोने भात करपवला आहे. बारसू हा त्याच्याच वयाचा, गावातला टवाळ. तो चावडीत सांगत सुटे, "सैनूले जेवाले बोलवाची गरज नाही गा. तो वासावरच जेवते."

सैनू हे ऐकून हसायचा. पण संध्याकाळी बाकीच्या एकवीस घरांवर धूर चढला की तो पाठ फिरवून बसायचा.

उन्हाळा आला की त्याला झोप लागत नसे. पुन्हा आग आली तर उरलंसुरलंही जाईल, ही त्याची भीती होती. म्हणून नाल्यापासून काळ्या कड्यापर्यंत, डोंगराच्या पश्चिमेच्या अंगाला, तो खराट्याने एक पट्टा झाडून ठेवी. पान नाही, काडी नाही, नुसती माती. पट्टा ओलांडताना आगीला खायला काही मिळू नये, एवढाच विचार. पण माणूस एकटा आणि पट्टा पाऊण कोसाचा. इकडून झाडत जावं तोवर तिकडे पानं पडलेली. त्याचा पट्टा दोन हातांपेक्षा रुंद कधी झाला नाही. कोणी मदतीला आलं नाही, आणि त्यानेही कोणाला बोलावलं नाही.

अशी बारा वर्षं गेली. तुमडीचा खडक झाकत आला होता. चावडीतून बघितलं तर माथ्यावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग तेवढा दिसायचा.

बाराव्या वर्षी चैत्रात, ऊन चढायच्या वेळी, सैनूच्या नाकाला वास आला. तो चुलीचा नव्हता. वाळल्या बांबूचा, सागाच्या पानांचा, आणि मध्येच जळत्या डिंकाचा. तीन डोंगर पलीकडून येत होता. आभाळ स्वच्छ होतं. धुराची एक रेघ कुठे नव्हती.

सैनू डोंगर उतरून धावत चावडीत आला. बारा वर्षांत तो गावात स्वतःहून पहिल्यांदाच बोलला. आग येते आहे, पश्चिमेकडून, वारा तिच्या मागे आहे, दिवस कलायच्या आत पोचेल, सगळे खराटे घेऊन चला.

लोकांनी पश्चिमेला पाहिलं. निळं आभाळ. कोणी नाक वर करून वास घेतला. त्यांना आपल्या घरच्या भाताचा आणि धुराचा वास आला.

बारसू म्हणाला, "बारा वर्षं उपाशी माणूस. त्याले दुसऱ्याच्या चुलीचा वास येनारच ना जी."

लोक हसले. सैनू हसला नाही. तो दसरू गायत्यांकडे वळला. गायते आता फार म्हातारे झाले होते.

"चुली विझवा," सैनू म्हणाला. "साऱ्या विझवा. मग तुमालेबी येईल वास."

हसणं थांबलं. विझवा म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं होतं. आज्या-पणज्यांचा विस्तव. एकही निखारा न ठेवता. आणि ते सांगतो कोण, तर ज्याने डोंगर जाळला तो. एक बाई तर रडायलाच लागली. सैनूलाही आपण काय मागितलं ते बोलल्यावर कळलं. तो खोटा ठरला, तर त्याला या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नव्हतं. आणि गप्प बसला, तर डोंगर जाणार होता.

दसरू गायते काठी टेकत घरात गेले. आतून चर्र असा आवाज आला आणि दारातून राखेची वाफ बाहेर आली. मग ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

मग दुसऱ्या घरातून आवाज आला. मग तिसऱ्या. सुकलीने बापाच्या चुलीवर घागर पालथी केली. बारसूच्या बायकोने अर्धा शिजलेला भात उतरवला. सगळ्यात शेवटी बारसूचीही चूल विझली. गाव वसल्यापासून पहिल्यांदा बोरकशावर धूर नव्हता.

सगळे अंगणात उभे राहिले. बराच वेळ ओल्या राखेचा वास होता. मग वाऱ्याने तोही नेला. आणि नंतर, हळूच, एकेका माणसाचं तोंड पश्चिमेकडे वळू लागलं. लहान मूल वळलं, म्हातारी वळली, बारसू वळला. सगळ्यांना वास येत होता. वाळला बांबू, सागाची पानं आणि मध्येच जळता डिंक.

मग खराटे निघाले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी हिरवे डहाळे तोडले. अख्खं गाव पट्ट्यावर उभं राहिलं आणि झाडत सुटलं. दोन हातांचा पट्टा चार हातांचा झाला, चाराचा आठ हातांचा झाला. दिवस कलला तेव्हा पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर आग दिसली, आणि तिचा आवाज आला, पुरासारखा.

ती पट्ट्यापर्यंत आली. ठिणग्या उडून अलीकडे पडत होत्या, आणि जिथे पडत तिथे डहाळी आपटत होती. आग पट्ट्याच्या काठाने इकडून तिकडे फिरली, वाट शोधत. सैनूसमोर येऊन ती माणसाच्या उंचीएवढी उभी राहिली आणि तिने त्याच्या अंगाचा वास घेतला, असं म्हणतात. तिला त्यात आपलं काहीच सापडलं नाही. मग ती तिथेच बसली, आणि बसल्या जागी विझत गेली.

तुमडीचं एक पान जळालं नाही.

गाव काळ्या तोंडांनी परत आलं. तहान लागली होती, भूक लागली होती, आणि भात अर्धा कच्चा होता. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की गावात विस्तव नाही. सैनूला काहीतरी सुचलं, तसा तो एक खापरी घेऊन परत पट्ट्यावर गेला. पलीकडच्या राखेत एक खोड अजून धगधगत होतं. त्यातले निखारे त्याने खापरीत भरून आणले, आणि चावडीत येऊन तसाच उभा राहिला. आपण हे द्यावेत का, हे त्याला कळेना.

बारसू पुढे झाला. "तुले इस्तो द्याचा नाही, येवढंच ठरलं होतं. तू द्याचा नाही, असं कोणी म्हटलं नाही. आन इकडं."

बारा वर्षांत पहिल्यांदा लोक सैनूबरोबर हसले. तो दारोदार फिरला. ज्याला एक निखारा मिळत नव्हता, त्याने घरोघरी दोन-दोन निखारे दिले. शेवटी खापरीत थोडेच उरले.

"तुझी चूल लाव, सैनू," दसरू गायते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "त्या दिवशी मीबी माह्या मोहाखाली जाळ लावला होता. माहा विझला, तुहा नाही विझला. येवढाच फरक होता. हे मी तवाच बोलाले पायजे होतं."

सैनूने खापरीकडे पाहिलं. बारा वर्षं त्याला हेच हवं होतं. पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "माही चूल पेटली तं माहं नाक जाईल. मंग पुढच्या चैत्रात वास कोन घेईल?"

तेव्हा मागून सुकली पुढे आली. बारा वर्षं ती गावासमोर एक शब्द बोलली नव्हती.

"एकट्याच्या नाकावर गाव किती दिवस जगनार?" ती म्हणाली. "पाळ्या लावा. एक उन्हाळा एका घरानं चूल थंडी ठेवाची. पुढचा दुसऱ्यानं. यानं बावीस घरांची पाळी भरून देली." एवढं बोलून तिने सैनूच्या हातातली खापरी घेतली आणि त्याच्या घरात गेली. थोड्या वेळाने त्या छपरातून धूर निघाला, सरळ वर. तो पाहून डोंगरावरच्या सगळ्या जनावरांनी माना वर केल्या, असं म्हणतात.

सैनूने गरम भाताचा पहिला घास घेतला आणि त्याची जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं ते जीभ पोळली म्हणून, असं तो लोकांना सांगत असे. आठ दिवसांत त्याचं नाक चारचौघांसारखं झालं. मग त्याला फक्त सुकलीच्या भाजीचा वास येई, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही.

पुढच्या उन्हाळ्याची पहिली पाळी दसरू गायत्यांनी मागून घेतली. चार वर्षांनी चावडीतून तुमडीचा खडक दिसेनासा झाला. तो अजून दिसलेला नाही. सैनू पिकून गेला, तेव्हा त्याला अग्नी दिला नाही. पट्ट्याच्या मधोमध मातीत ठेवलं.

आता गावात घरोघरी गॅस आहे, तरी पाळी चुकत नाही. होळी झाली की एका घरातली शेगडी बंद होते, ती पाऊस पडेपर्यंत. त्या घराला त्या वर्षी सैनूचं घर म्हणतात. शेजारी त्यांना गार आंबील आणून देतात, आणि त्या घरातलं कोणी ना कोणी रोज डोंगरावर बसतं. मोहाखाली आता कोणी जाळ लावत नाही. फुलं पडायच्या आधी पाचोळा झाडून घेतात, आणि त्याच खराट्यांनी नाल्यापासून काळ्या कड्यापर्यंत आठ हातांचा पट्टा काढतात.

गेल्या वर्षी पाळी बारसूच्या पणतूच्या घराची होती. घरात नवी सून आलेली, लांबच्या गावची. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा गार खाण्यात गेला म्हणून तिचा राग मावत नव्हता. एक दिवस दुपारच्या आधी ती डोंगर उतरून आली, चावडीशी थांबली, आणि बिचकत म्हणाली की पश्चिमेकडून कसला तरी वास येतोय, मले वाटते, चुकलंही असंल माहं.

तिचं बोलणं संपलं नव्हतं, तोवर घराघरांतून शेगड्या बंद झाल्याचे खटके ऐकू आले. आणि अख्खं गाव अंगणात येऊन, तोंड पश्चिमेकडे करून, शांत उभं राहिलं.