ठिपकीचं गुलाबी पांघरूण

एक होतं अंगण. अंगणात एक गुलाब. गुलाबावर राहायची ठिपकी.

ठिपकी केवढी? मसुराच्या डाळीएवढी. पाठ लाल, पाठीवर काळे ठिपके. पाय सहा, पण दिसतील तर शपथ!

घरी जाताना ठिपकी पानं मोजायची. गुलाबाच्या एका देठावर पानं किती? एक, दोन, तीन, चार, पाच. पाच झाली की घर आलं. घर म्हणजे एक पाकळी. गुलाबी, मऊ. संध्याकाळ झाली की ठिपकी पाकळीखाली शिरायची, पाय पोटाशी घ्यायची, आणि गुडुप.

दिवाळी झाली. थंडी आली. एक दिवस वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ. फुलाच्या साऱ्या पाकळ्या झडल्या. ठिपकीची पाकळीही सुटली. भिरभिर भिरभिर उडाली. कुंपणापलीकडे गेली. गेली ती गेलीच.

ठिपकी रडली. का नाही रडणार? तुमचं पांघरूण कुणी नेलं, तर तुम्ही काय हसाल?

झाडावर दुसरं फूल नव्हतं. एकच कळी होती, घट्ट मिटलेली. ठिपकी तिच्याकडे निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कळीताई, कळीताई,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!
एक पाकळी देतेस का?"

कळी म्हणाली, "कशी देऊ, बाई? मी अजून उघडलेच नाही. डहाळी रस देईल, तर मी उघडेन. त्याआधी नाही."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डहाळी बारीक झाली होती. काळवंडली होती.

"डहाळीकाकू, डहाळीकाकू,
कळी काही उघडेना,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!
कळीला रस देतेस का?"

डहाळी म्हणाली, "कुठून देऊ गं? माझाच घसा कोरडा पडलाय. मुळीचं पाणी चढेल, तर मी रस देईन. त्याआधी नाही."

ठिपकी निघाली. खाली, खाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मातीला एक भेग होती. ठिपकीनं भेगेत डोकं घातलं आणि हाक मारली.

"मुळीआजी, मुळीआजी,
डहाळी रस देईना,
कळी काही उघडेना,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!
पाणी वर धाडतेस का?"

आतून आवाज आला. जुना, हळू आवाज. "धाडते गं पोरी, रोज धाडते. पण वाटेत दांडगोबा बसलाय. सगळं गटागटा पितो. दांडगोबा पाणी सोडेल, तर वर चढेल. त्याआधी नाही."

आता हा दांडगोबा कोण? सांगते. गुलाबाच्या पायाशी एक फांदी वाढली होती. ही एवढी उंच! हिरवीगार, जाडजूड, ताठ. तिला काठीचा आधार होता. चिंधीनं नीट बांधलेली होती. थाट बघा! पण फूल? एक नाही. कळी? तीही नाही. तोच दांडगोबा.

ठिपकी त्याच्या पानावर चढली. एक, दोन, तीन, चार, पाच... सहा, सात? अगं बाई! हे कसलं घर?

"दांडगोबा, दांडगोबा,
मुळीचं पाणी चढेना,
डहाळी रस देईना,
कळी काही उघडेना,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!
थोडं पाणी सोडतोस का?"

गट गट गट, दांडगोबा आधी पाणी प्याला. मग म्हणाला, "मी का सोडू? मला तहान लागते. कात्री मला कापेल, तर पाणी सुटेल. त्याआधी नाही."

मोठा आला शहाणा! पण ठिपकी भांडली नाही. भांडून थंडी थोडीच जाते? तिनं पंख उघडले. भुर्रर्र. मागच्या दाराशी खिळा होता. खिळ्याला झाडाची कात्री टांगलेली होती.

"कात्रीबाई, कात्रीबाई,
दांडगोबा पाणी सोडीना,
मुळीचं पाणी चढेना,
डहाळी रस देईना,
कळी काही उघडेना,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!
दांडगोबाला कापतेस का?"

कात्री कुरकुरली. कर्रर्र, कर्रर्र. "मी काय आपली आपण चालते? गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून मला कुणी खाली काढलं नाही. पाती गंजली माझी. मावशी मला धरेल, तर मी कापेन. त्याआधी नाही."

मावशी म्हणजे गोदूमावशी. अंगण तिचं, घर तिचं. ती गुलाबापाशी तांब्या घेऊन उभी होती. कुंपणापलीकडून शेजारच्या वेणूकाकू विचारत होत्या, "काय हो गोदूताई, यंदा गुलाब छाटला नाही वाटतं?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "अक्काचं झाड ते. माझा हातच धजत नाही."

वेणूकाकू वळल्या. आत गेल्या.

ठिपकी मावशीच्या हातावर बसली. पाय गार पडले होते तिचे.

"मावशी, मावशी,
कात्री काही कापीना,
दांडगोबा पाणी सोडीना,
मुळीचं पाणी चढेना,
डहाळी रस देईना,
कळी काही उघडेना,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!
कात्री हाती धरतेस का?"

मावशीनं मान हलवली. "नाही गं राणी. अक्का माझी मोठी बहीण. तिनं हे झाड लावलं, तिनं वाढवलं. दर दिवाळीनंतर तीच छाटायची. उन्हाळ्यात अक्का देवाघरी गेली. आता तिच्या झाडाला मी कात्री लावू? दुखेल त्याला. आणि छाटायचं तरी कशाला? बघ, केवढी उंच फांदी आलीय! अक्काच्या लुगड्याची चिंधी बांधलीय मी तिला. रोज एक तांब्या जास्त घालते. मी नाही कात्री धरायची."

झालं! आता कुणाकडे जायचं? मावशीच्या पुढे कुणीच नव्हतं. ठिपकी एकटीच पुटपुटली.

"मावशी कात्री धरीना,
कात्री काही कापीना,
दांडगोबा पाणी सोडीना,
मुळीचं पाणी चढेना,
डहाळी रस देईना,
कळी काही उघडेना,
पाकळी मला मिळेना,
थंडी काही सोसेना!"

उन्हं उतरली. घरी जायची वेळ झाली. घर नव्हतं, पण सवय होती. ठिपकी मावशीच्या बोटांवरून चालू लागली. काढा बघू तुमचीही बोटं! एक, दोन, तीन, चार, पाच.

मग ती उडून डहाळीवर बसली. देठावरची पानं चढली. एक, दोन, तीन, चार, पाच. थांबली. इथेच पाकळी होती. आता नव्हती.

मग ती दांडगोबावर गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. थांबलीच नाही. मागे फिरली.

मावशी बघत होती. मावशीही मोजत होती. इथे पाच. आणि इथे... सात?

मावशीनं पुन्हा मोजलं. सातच. तिनं फांदीवरून बोट खाली नेलं. खाली, खाली, अगदी मातीपर्यंत. फांदी गुलाबाला लागलेलीच नव्हती. ती थेट मुळीतून वर आली होती.

मावशीला अक्काचा आवाज आठवला. कात्री चालवताना अक्का म्हणायची, "गोदू, रानगुलाबाच्या मुळीवर आपलं कलम बांधलंय. पानं मोजत जा. पाच आपलं, सात रानातलं. रानातलं ठेवलंस, तर आपलं जाईल."

मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं अक्का! चोराला तांब्या तांब्या पाजला मी! आणि तुझं झाड तहानलेलं ठेवलं." तिच्या डोळ्यांना पाणी आलं. खूप आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि ती उठली.

मावशीनं खिळ्यावरून कात्री काढली. पात्यांना खोबरेल लावलं. दगडावर घासली. घास घास, घास घास.

दांडगोबा म्हणाला, "अहो, मला चिंधी बांधलीय ना?"

मावशीनं चिंधी सोडली. खुरप्यानं माती बाजूला केली. तिनं कात्री अगदी बुडाशी नेली.

कच्च!

दांडगोबा आडवा झाला. मग मावशीनं वाळक्या काड्या कापल्या. कच, कच. कापलं तिथे ओली हळद लावली. तुमच्या गुडघ्याला लावतात ना, तशीच. कळीच्या डहाळीला मात्र तिनं कात्री लावली नाही. तिला काठीचा आधार दिला आणि अक्काची चिंधी बांधली. चिंधीच्या गाठीत थोडी जागा होती. मावशी म्हणाली, "ठिपके, तोवर इथे नीज हो."

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तीन गेले. मावशी रोज पाणी घालायची आणि रोज बघायची. घाई करून गुलाब उमलत नाही. गोष्टीचंही तसंच आहे, चुळबुळ करू नका.

आणि मग एका सकाळी,

मावशीनं कात्री धरली होती,
कात्रीनं फांदी कापली होती,
दांडगोबानं पाणी सोडलं,
मुळीचं पाणी वर चढलं,
डहाळीनं रस दिला,
कळी हळूच उघडली!

कळी आता फूल झाली होती. तिनं सगळ्यात बाहेरची पाकळी खाली झुकवली. "घे गं बाई," ती म्हणाली. "ही तुझी."

ठिपकी गाठीतून निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. एक, दोन, तीन, चार, पाच. पाकळीखाली शिरली. पाय पोटाशी घेतले.

मावशी न्हाऊन बाहेर आली. हातात कात्री होती. छाटणीनंतरचं पहिलं फूल अक्काचं, असं तिनं ठरवलं होतं. अक्काच्या फोटोला वाहायचं होतं. तिनं फुलाचा देठ धरला. वाकून वास घेतला. तोच वास. अक्काच्या अंबाड्याला यायचा तो.

तेवढ्यात तिला पाकळीखाली काहीतरी लाल दिसलं. मसुराच्या डाळीएवढं.

मावशीनं देठ सोडला. कात्री कमरेला खोचली. 

"अक्का," ती म्हणाली, "तुझं फूल मी हिला दिलं गं. तुझ्या झाडावर कुणीतरी निजलंय."

आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या. पांघरूण ओढा. बोटं मोजा आणि मूठ मिटा.

एक, दोन, तीन, चार, पाच.

आलं घर.