भाड्याच्या वहाणा

फार जुन्या काळी, तीन वाटा जिथे मिळतात अशा एका बाजारगावात एक बाई खानावळ चालवत असे. तिचं नाव भागू, पण सगळं गाव तिला भागूमावशी म्हणायचं. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वारानुसार एखादी भाजी, एवढाच तिचा पसारा. पण भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची. दूरगावच्या एका भावाशिवाय मावशीला मागेपुढे कुणी नव्हतं, आणि तिचं तसं काही अडतही नव्हतं.

त्या गावात परक्या माणसाने कुठे जेवायचं हे ठरवायची एक पद्धत होती. खानावळीच्या पायऱ्यांवर किती वहाणा आहेत ते बघायचं. जिथे वहाणा जास्त, तिथे जेवण चांगलं. हल्ली आपण फोनवर किती जणांना आवडलं ते पाहून ठरवतो, तसंच. पद्धत वाईट नव्हती. वहाणा काढून माणसं खरोखर आत गेलेली असायची, तोवर ती बरोबर चालली.

मावशीचा हिशोबही वहाणांवरच चालायचा. तिच्या चुलीशेजारी एक लहान खिडकी होती, तिच्यातून पायऱ्या दिसत. भाकरी थापता थापता ती खिडकीतून नजर टाकायची, वहाणांचे जोड मोजायची आणि तेवढ्यांपुरतंच पीठ मळायची. त्यामुळे तिच्याकडे कुणाला शिळी भाकरी मिळाली नाही आणि कुणाला ताटावर बसून वाटही बघावी लागली नाही.

मग समोरच्या बाजूला एका शेठने नवी खानावळ काढली. भिंतींना रंग, दारावर पाटी, पितळेची ताटं. जेवण बरं होतं, वाईट म्हणावं असं काही नव्हतं. पण नवं ते बघायला माणूस जातोच. हळूहळू शेठच्या पायऱ्या भरत गेल्या आणि मावशीच्या ओस पडत गेल्या. शेवटी तिच्याकडे रोजचे पाच गाडीवान तेवढे राहिले. पाच माणसांवर खानावळ चालत नाही. महिन्याने जत्रा होती. तोवर गाडं रुळावर आलं नाही तर चूल मोडायची आणि भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहायचं, हे मावशीला दिसत होतं. त्या विचाराने तिचा जीव थोडाथोडा होत असे.

अशा वेळी गावात एक जाहिरातवाला आला. त्याच्याकडे विकायला माल नव्हता, फक्त मतं होती. पण ती भरपूर होती आणि मागितली नाहीत तरी मिळत. मावशीच्या ओट्यावर बसून त्याने पिठल्याचा वास घेतला, रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मावशी, तुमचं चुकतंय कुठं सांगू? तुम्ही जेवणाकडे लक्ष देता."

"मग खानावळवालीने कशाकडे द्यायचं?"

"पायऱ्यांकडे. लोक जेवण बघत नाहीत, लोक लोकांना बघतात. जेवण आत असतं. पायऱ्या रस्त्यावर असतात."

मावशीला हे एकदम खोटंही म्हणता येईना. जाहिरातवाल्याने मग आपला उपाय सांगितला. आसपासच्या गावांतल्या चांभारांकडे पडून राहिलेल्या, कुणी परत न्यायला न आलेल्या वहाणा त्याने गोळा केल्या होत्या. त्या तो भाड्याने देत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तीस जोड आणून पायऱ्यांवर मांडले. त्याचं काम बघण्यासारखं होतं, हे मान्य करायला हवं. वरच्या पायरीवर जाड तळव्याचे शेतकऱ्यांचे, मध्ये दोन नक्षीचे, म्हणजे बरे लोकही येतात असं वाटावं. दोन जोड लहान मुलांचे, म्हणजे घरंदाज जागा आहे हे कळावं. एक वहाण त्याने मुद्दाम उलटी टाकली.

"ती सरळ करा," मावशी म्हणाली. "उलटी वहाण पडली की घरात भांडण होतं."

"असू द्या. भुकेने घाई करत माणूस आत गेलाय असं दिसतं त्यानं."

मावशीने गुपचूप ती सरळ केली. जाहिरातवाल्याने जाता जाता पुन्हा उलटी केली.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी चार परगावचे पाहुणे थांबले. तीस जोड पाहून ते मोठ्या आशेने आत शिरले, आणि आत कुणीच नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाकीची मंडळी कुठायत?" एकाने विचारलं.

"मागच्या पडवीत बसलीत जेवायला," मावशी म्हणाली. हे उत्तर जाहिरातवाल्यानेच तिला पाठ करून दिलं होतं. उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. मागे पडवीच नव्हती.

पाहुणे मुकाट्याने जेवले. कुणाचाही आवाज येत नसलेल्या त्या पडवीकडे कान लावून जेवल्यामुळे चटणी कशी होती हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. बाहेर आल्यावर एकाला त्या ढिगात आपली वहाण सापडेना. बराच वेळ शोधून तो शेवटी एक आखूड जोड घालून लंगडत निघून गेला. आणखी काही जण तर पायऱ्या बघूनच म्हणाले, "इथं नंबर लागायला संध्याकाळ होईल," आणि पुढच्या वाटेला लागले.

मावशीने हे जाहिरातवाल्याला सांगितलं. त्याच्याकडे मत तयार होतं.

"उत्तम झालं. जो परत गेला तो चार लोकांना सांगेल की मावशीकडे पाय ठेवायला जागा नसते. यालाच नाव होणं म्हणतात."

"पण जेवलं कोण?"

"ते पुढचं. आधी नाव होऊ द्या."

आणखी एक गोष्ट झाली. सवयीने मावशी खिडकीतून बघायची, तीस जोड मोजायची आणि हात आपोआप तीस माणसांचं पीठ मळायला घ्यायचे. मग आत वळून बघावं तर सगळे पाट रिकामे. पहिल्या आठवड्यात दोनदा तिने टोपलीभर भाकऱ्या शेजारच्या गोठ्यातल्या गुरांपुढे टाकल्या. त्यानंतर ती अंदाजाने थोडंच पीठ मळू लागली, तर एखाद्या दिवशी खरीच पाच-सहा माणसं यायची आणि ताटावर खोळंबून बसायची. ज्या मोजदादीने तिला इतकी वर्षं कधी दगा दिला नव्हता, ती आता निरुपयोगी झाली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे ते पाच गाडीवानही यायचे बंद झाले. पावसात, उन्हात, ज्यांनी दुपार कधी चुकवली नव्हती, ते. मावशीने समोर बघितलं. शेठच्या पायऱ्या भरलेल्या होत्या. तिकडेच गेले असणार, असं ती धरून चालली. तिला राग आला नाही, पण भाजीत मीठ दोनदा पडलं.

शेठच्या पायऱ्या मात्र का भरलेल्या होत्या हे तिला थोड्याच दिवसांत कळलं. तिथल्या मधल्या पायरीवर दोन नक्षीचे जोड आणि दोन लहान मुलांचे, अगदी तसेच. एक वहाण उलटी. शिवाय दारात एक दांडगा माणूस ठेवलेला. तो दर थोड्या वेळाने बाहेर यायचा, रस्त्याकडे तोंड करून मोठी ढेकर द्यायचा, पोटावरून हात फिरवायचा आणि पुन्हा आत जायचा.

"तुम्ही त्यांनाही वहाणा दिल्यात?" मावशीने जाहिरातवाल्याला विचारलं.

"पन्नास जोड. मी कुणात भेद करत नाही." तो जरा पुढे झुकला. "आता तुम्हाला साठ घ्यावे लागतील. आणि ढेकरवाला एक. जत्रा चार दिवसांवर आलीय, हात आखडता घेऊ नका."

घागर कमरेवर घेऊन मावशी ओढ्यावर पाण्याला गेली.

ओढ्याकाठी बाभळीखाली पाच गाड्या सोडलेल्या होत्या. बैल पाणी पीत होते. पाचही गाडीवान फडक्यावर चुरमुरे पसरून खात बसले होते. त्यांतला येसबा सगळ्यांत वडीलधारा. मावशीला बघून तो उठला.

"येसबा, हे काय जेवण झालं? शेठकडे मिळत नाही का काही?"

"शेठकडं कोन जातंय, मावशी?"

"मग माझ्याकडे का येत नाही? काय चुकलं माझं?"

येसबाने डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. "चुकलं न्हाई वो. आलतो की आम्ही. पायरीवर वहाण काढाया जागा न्हाई. म्हटलं, मावशीचं बरं चाललंय, परगावची मानसं आलीत, त्यास्नी आधी जेवू द्या. आपन घरचेच. आपन अडवून बसलो तर तिचं गिऱ्हाईक जायाचं. बरं वाटलं आमाला. खोटं न्हाई सांगत. रोज लांबनं बघतो आनि जातो."

मावशी घागर खाली ठेवून तिथेच दगडावर बसली. तिची भरभराट बघून पाच माणसं आनंदाने उपाशी राहत होती, आणि ती आत रिकाम्या पाटांसमोर बसून त्यांना मनातल्या मनात बेइमान म्हणत होती. तिला फार लाज वाटली. रडूही आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

"त्यातली एकही वहाण माणसाची नाही रे," ती म्हणाली. "सगळ्या भाड्याच्या आहेत."

गाडीवानांना हे समजायला वेळ लागला. समजल्यावर एक जण हसला. येसबा हसला नाही. "मंजी तू आत एकलीच असतीस?" एवढंच त्याने विचारलं.

परत येऊन मावशीने तीसच्या तीस जोड पोत्यात भरले आणि पोतं जाहिरातवाल्यापुढे ठेवलं. त्याला पहिल्यांदाच खरी काळजी वाटली. तो वाईट माणूस नव्हता. आपली मतं बरोबर आहेत असं त्याला मनापासून वाटत होतं.

"जत्रेच्या तोंडावर रिकाम्या पायऱ्या? मावशी, वर्षाची कमाई त्या एका दिवसात असते. लोक समोर पन्नास जोड बघतील आणि इकडे शून्य. कोण येईल? निदान जत्रा होईपर्यंत राहू द्या. नंतर काढा."

मावशीलाही ते कळत होतं. चूल राहणार की जाणार ते त्या दिवसावर होतं. तिने पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं.

"रिकाम्या तर रिकाम्या," ती म्हणाली. "मला भाकरी मोजून थापायच्या असतात."

जत्रेच्या दिवशी सकाळपासून रस्ता माणसांनी फुलून गेला. शेठच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मावशीने नाकारलेले जोडही आता तिथेच मांडलेले होते. ढेकरवाला दुप्पट जोराने काम करत होता. जाहिरातवाला स्वतः रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "गावात जेवावं तर इथंच, इथंच." लोक थांबत, वहाणांचा डोंगर बघत, आणि आपला नंबर कधी लागेल याचा विचार करत घुटमळत. काही जण आत डोकावून येत आणि एकमेकांच्या कानात काही बोलत.

मावशीच्या पायऱ्यांवर पाच जोड होते. येसबाचे आणि त्याच्या सोबत्यांचे. ओढ्याचा चिखल लागलेले, अंगठे झिजलेले. आत पाच माणसं पाटावर बसून जेवत होती. मावशी खिडकीतून बघायची आणि पाचच दिसायचे. दुपार झाली तरी पाचच. गाडीवानांनी मुद्दाम सावकाश जेवायला घेतलं होतं. ताटातलं पिठलं संपलं की ते पुन्हा पुन्हा वाढून घेत होते. मावशीला ते समजत होतं. भावाला निरोप कुणाबरोबर पाठवायचा हेही तिने मनात ठरवून टाकलं.

दुपार कलू लागली. पहाटेपासून वहाणा मांडून आणि ओरडून जाहिरातवाल्याचा घसा बसला होता. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध थांबला आणि जेवायला कुठे जावं म्हणून त्याने गावात आलेल्या कुणीही बघितल्या असत्या तशाच दोन्हीकडच्या पायऱ्या बघितल्या.

समोर ऐंशी जोड होते, आणि ऐंशीच्या ऐंशी त्याच्या ओळखीचे. हा पलीकडच्या गावच्या चांभाराकडून आणलेला, तो एका मेलेल्या पाटलाचा, त्या नक्षीच्या त्याने स्वतः तेल लावून चमकवलेल्या. आत काय आहे हे त्यांतला एकही जोड त्याला सांगू शकत नव्हता. दुसरीकडे पाच जोड होते. त्यांतला एकही त्याने ठेवलेला नव्हता.

तो फार वेळ उभा राहिला नाही. मावशीच्या खानावळीकडे वळला, पायरीशी आपले जोडे काढले आणि आत गेला.

सकाळपासून ज्याने शेठच्या नावाने रस्ता दणाणून सोडला, तो माणूस जेवायला कुठे शिरला, हे अर्ध्या जत्रेने पाहिलं. घुटमळणाऱ्यांपैकी एक जण काही न बोलता रस्ता ओलांडून आला. त्याच्या मागून त्याची बायको आणि दोन पोरं. मग आणखी तिघं.

आत जाहिरातवाला पाटावर मान खाली घालून बसला होता. मावशीने त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली. त्याने पहिला घास घेतला आणि त्याला काहीतरी सांगायचं असावं, तो तोंड उघडू लागला.

"आधी जेवा," मावशी म्हणाली. तिने खिडकीतून बाहेर बघितलं, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

तात्पर्य एवढंच की जाहिरातवाला काय ओरडतो ते ऐकावं, पण भूक लागल्यावर तो स्वतः कुठे जातो तेही बघावं.