एकवीस पदार्थ आणि एक रिकामी जागा

"बंद! उद्यापासून हा विषय बंद!" धवलसिंह महाराजांनी पाठशाळेच्या दारातूनच आरोळी ठोकली.

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राची परीक्षा होती. नृसिंहाचार्य डावपेचांच्या प्रकरणाची उजळणी घेत होते. दोन चोर, दोन कोठड्या, आधी कबुली कोण देणार, हे सगळं घोकून झालं होतं. "दोघांना बोलता आलं नाही, तरी समोरचा काय करील हे ताडलं की डाव जुळतो," असं ते म्हणाले, आणि नेमकं तेवढंच महाराजांच्या कानावर पडलं.

"न बोलता जुळतं? मी आणि राणीसाहेब तासभर बोलतो, तरी जुळत नाही! दाखवाच करून! दोन खोल्या, दोन पानं, दोन्हींत तेच एकवीस पदार्थ. दोघांनी पानावर एकाच जागी बोट टेकायचं. पहिलं टेकेल ते कायम! नाही जुळलं, तर आचार्यांनी गाशा गुंडाळायचा!"

आचार्यांचा चेहरा पडला. बारा वर्षांची नोकरी दोन बोटांवर आली होती.

एका खोलीत वर्गातला पहिला नंबर, श्रीकर, गेला. "आणि दुसरी ही!" महाराजांनी मुलांच्या पंगतीत आमटी वाढणाऱ्या सगुणेकडे बोट केलं. वर्ग खो खो हसला. ही पोर तीन वर्षं मुदपाकखान्याच्या खिडकीतून सगळे धडे ऐकत आली आहे, हे कुणाला ठाऊक!

महाराज मोठे बेरकी. पानात सगळ्यात आधी मीठ वाढतात, तेव्हा दोघं मिठालाच बोट लावणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी हळूच हुकूम सोडला, "दोन्ही पानांत मीठ वाढू नका!"

सगुणेनं पान पाहिलं, गालात हसली आणि पानाच्या वरच्या बाजूला मिठाच्या रिकाम्या जागी बोट टेकलं.

"अगं, तिथं काहीच नाही!" सेवक ओरडला.

"दिसतंय मला. लिहून घ्या."

तिकडे श्रीकर पाटीवर एकवीस गुणिले एकवीस शक्यता मांडून घामाघूम झाला होता. मध्येच त्याचं पानाकडे लक्ष गेलं. "अहो काका, इथं मीठ वाढायचं राहिलं की!" म्हणत त्यानं बोट टेकलं, आणि दुसऱ्या क्षणी कपाळावर हात मारून घेतला.

"हे चुकून जुळलं!" महाराज गरजले.

"चुकून कसं, महाराज? तीन वर्षं वाढतेय मी. श्रीकरदादा पानावर बसले की पहिली हाक मिठाचीच!"

"मग जिलबीला का नाही लावलंस बोट?"

"गोडाचे प्रकार पाच, भाज्या सात. रिकामी जागा एकच! आपण मीठ ठेवलं असतंत, तर दादा गणितच करत बसले असते, आणि आम्ही हरलो असतो!"

महाराज पोट धरधरून हसले. "माझ्याच डावानं मला चीत केलंस! माग काय हवं ते!"

"उद्या परीक्षेला बसायचंय."

"बस! आचार्य, पहिला पाट हिचा, आणि हिच्या पुस्तकांचा खर्च दरबाराचा!"

आचार्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. महाराज मात्र खुशीत पानावर बसले, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, आता तरी मीठ वाढा!"

"वाढते, महाराज," सगुणा म्हणाली, "पण आजच्या दिवस! उद्यापासून मी वर्गात!"