अर्धी फणी, अर्धं तळं

एक होतं तळं. राजा मागून येणार आहे, बरं का, आणि एक नाही, चांगले दोन येणार आहेत. पण आधी तळं. राजांना थांबू दे जरा बाहेर. चिंगे, पाय आत घे पांघरुणात, गोष्ट काही पळून जात नाही.

तर तळं होतं मोठं. उगवतीच्या काठावर एका राजाचं राज्य, मावळतीच्या काठावर दुसऱ्याचं. मधोमध एक दोरखंड बांधलेला, आणि तो तरंगावा म्हणून त्याला वाळके भोपळे लावलेले. ह्या बाजूचं पाणी ह्याचं, त्या बाजूचं पाणी त्याचं. माशांना कुणी विचारलं नव्हतं.

उगवतीच्या काठावर ठकूबाई नावाडीण राहायची. नवरा गेलेला, एकुलती एक लेक सगुणा, ती दिलेली मावळतीच्या काठाला. ठकूबाईनं स्वतः नाव वल्हवत तिला सासरी पोचवली होती. परत येताना रिकामी नाव तिला फार जड लागली. आता सगुणाला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. ठकूबाईनं जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवलं, लाडवांसाठी डिंक आणून ठेवला, आढ्याला पाळण्याच्या कड्या ठोकून घेतल्या. नववा लागला की लेकीला आणायची.

पण झालं काय, तळ्यात जलपर्णी माजली. इकडचे लोक गोठे धुऊन ती घाण तळ्यात सोडायचे. तिकडचे कोष्टी सुताची खळ सोडायचे. आयतं खायला मिळालं की कोण वाढणार नाही? पानाला पान लागलं, पाणी दिसेना. वल्हं घातलं की मुळांत गुंतायचं. डोंगरातून गाडीवाट होती, पण आठ दिवसांची आणि सगळी दगडधोंड्यांची. दिवस भरत आलेली पोर त्या गाडीत कशी घालायची?

पलीकडच्या घाटावर सगुणा रोज पाण्याला यायची. हाक पोचत नसे, पण तिचं लाल लुगडं ओळखू यायचं. तेवढं दिसलं की ठकूबाई घरी जाऊन भाकरी खायची.

मग ती गेली आपल्या राजाकडे. राजा म्हणाला, "एवढंच ना?" दवंडी पिटली. सगळा गाव बांबू घेऊन तळ्यात उतरला, जलपर्णी ढकलत ढकलत दोरखंडापर्यंत नेली आणि पलीकडे सारली. आपलं अंगण झाडायचं आणि केर शेजारणीच्या दारात लोटायचा, तसलं काम. ठकूबाई सगळ्यांच्या पुढे होती, बरं का. तिला वाटलं, झाली वाट. कपाळावर हात धरून तिनं पलीकडे पाहिलं, तर लाल लुगडं कमरेएवढ्या जलपर्णीतून घागर घेऊन वाट काढत होतं. ठकूबाईनं हातातला बांबू टाकून दिला. हा केर आपणच लोटला, आपल्याच पोरीच्या पायात.

आणि त्याचा उपयोग तरी काय झाला? संध्याकाळी वारा फिरला. सकाळी बघतात तर गेलेली सगळी परत आलेली, वर त्यांच्याकडची घेऊन. कारण मावळतीच्या राजानंही अगदी हेच केलं होतं. वाऱ्याला कुठे कळतंय कुणाचं राज्य.

मग दोन्ही राजे रागावले. ते राजांना छान जमतं. त्यांनी दोरखंडाच्या ओळीनं बांबूचा कूड ठोकला, ह्यानं एक, त्यानं एक, असा दुहेरी. जलपर्णीचं जाणं-येणं थांबलं. पण पाण्याचंही थांबलं. मासे उलटे होऊन वर आले, पाण्याला वास मारायला लागला. नावेला तर वाटच उरली नाही. आणि एक दिवस लाल लुगडं घाटावर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

नंदू, झोपलास का? नाही ना? मग ऐक, आता ती येते.

तळ्याच्या काठी साती आसरांचे सात दगड होते, शेंदूर लावलेले. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. तिथं भर दुपारी ठकूबाई जाऊन बसली आणि पोटभर रडली. आणि बघते तर शेजारी एक म्हातारी बसलेली. केस एवढे लांब की पाण्यात गेलेले, आणि सगळ्या जटा झालेल्या. म्हातारी म्हणाली, "रडून झालं असेल तर माझे केस विंचर गं पोरी. डोकं फार दुखतंय."

ठकूबाईच्या अंबाड्यात फणी होती, दोन्हीकडे दात असलेली. तिनं एका बाजूनं विंचरलं, तर सगळा गुंता सरकून दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूनं विंचरलं, तर परत पहिल्या बाजूला. तिसऱ्यांदा लावली तेव्हा म्हातारी कण्हली. "अगं, वरून ओढू नये. टोकाकडून सोडवत यावं. लेकीची वेणी घालत होतीस ना? आणि एवढ्या केसांना एक बाई पुरत नाही. दोन बाजूंना दोघी बसायला हव्यात."

"दुसरी कुठून आणू, आई?" ठकूबाई म्हणाली. "दुसरी माझी लेक, ती पलीकडे. तीन दिवस झाले, दिसली नाही."

"पाय सुजलेत तिचे. बाकी बरी आहे," म्हातारी म्हणाली. मग तिनं फणी मधोमध मोडली. एक अर्धी ठकूबाईच्या हातात दिली, दुसरी घेऊन ती पाण्यात उतरली, आणि गेली. पाण्यावर केस तेवढे पसरले, आणि ठकूबाईनं नीट पाहिलं तर ती जलपर्णीची काळी मुळं होती.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई सांडव्यापाशी गेली, जिथून तळ्याचं पाणी बाहेर पडतं तिथं. तळ्याचं टोक तेच की. अर्धी फणी पाण्याला लावली, तर तिचे दात वाढले, वाढत वाढत केरकचरा ओढायच्या दाताळ्याएवढे झाले. पण ओढलं तर एक पान हलेना. ती वाट बघत बसली. मग पलीकडे, सांडव्याच्या त्या अंगाला, लाल लुगडं आलं. हळूहळू चालत आलं, पायरीवर टेकलं, वाकलं. म्हातारीनं नेलेली दुसरी अर्धी फणी सगुणाच्या हातात होती. मायलेकींनी एकाच वेळी फणी ओढली, आणि जलपर्णी निम्मी इकडच्या काठाला, निम्मी तिकडच्या काठाला सुरसुर निघून आली. मध्ये पाण्याचा सरळ भांग पडला.

भांग पुढे पुढे जात राहिला आणि जिथून कूड सुरू होत होता तिथं अडला. ठकूबाई राजाला म्हणाली, "महाराज, कूड काढा."

राजा म्हणाला, "आधी त्यानं काढावा." तिकडचा राजाही तेच म्हणत होता.

"मग म्हणत बसा. माझी पोर अवघडलीय, मला वेळ नाही." असं राजाला म्हणाली, बरं का. आणि नाव घेऊन गेली, पहिला बांबू हलवून हलवून उपटला. तिकडून सगुणाच्या जावा आल्या, त्यांनी दुसरा उपटला. मग इकडच्या बायका, मग तिकडचे कोष्टी, मग गुराखी. शेवटी दोन्ही राजांना लाज वाटली. धोतराचा काचा मारून तेही पाण्यात उतरले. फार उपयोग झाला नाही त्यांचा, पण उतरले.

दिवस मावळायच्या आत ठकूबाईची नाव त्या भांगातून पलीकडे गेली. सगुणा नावेत बसली आणि म्हणाली, "आई, मला वाटलं तू येतच नाहीस." ठकूबाईनं लेकीचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. जावई वल्हवायला बसला आणि नाव परत निघाली.

चौथ्या दिवशी सगुणाला मुलगी झाली, डोकंभर काळं जावळ घेऊन. दुपटं होतं, डिंक होता, कड्या होत्या. पण ह्या सगळ्या गडबडीत पाळण्याला दोरी आणायची राहिली होती. आणि काठावर तो कुडाबरोबर सोडवलेला दोरखंड पडलेला होता, भोपळ्यांसकट. ठकूबाईनं तो धुतला, उन्हात वाळवला, आणि त्याच्याच दोऱ्या करून पाळणा टांगला.

बारशाला दोन्ही राजे आले. आल्या आल्या त्यांचं सुरू, आता कुणी किती तळं झाडायचं. ठकूबाईनं पाळण्याची दोरी दोघांच्या हातात दिली. "धरा. एकानं सोडली तर पोर रडेल, आणि रडली तर तुम्हीच गप्प करायची." राजांनी दोरी धरली. हलवत बसले बिचारे, ह्यानं ओढली की त्यानं सोडायची, त्यानं ओढली की ह्यानं.

तेव्हापासून दर अमावास्येला दोन्ही काठ एकाच वेळी तळं विंचरतात. गोठ्यांची घाण आणि सुताची खळ खड्ड्यात जाते, काढलेली जलपर्णी शेतात खत म्हणून जाते. मासे परत आले. सगुणाची पोर मोठी झाली, आणि आजोळी असो की घरी, तिचे केस विंचरायला दोन्हीकडे अर्धी अर्धी फणी होतीच.

तळं झोपलं, राजे झोपले, हातातली दोरी तशीच. चिंगे, नंदू, आता तुम्हीही डोळे मिटा. पाळण्याची दोरी मी हलवतेय हळूहळू.